बाँडवरची फारकत

बटईची शेती, जुन्या मोटारसायकलचा व्यवहार आणि नवरा-बायकोची सोडचिठ्ठी ही तिन्ही कामे ग्रामीण महाराष्ट्रात एकाच प्रकारच्या बाँडवर उरकली जातात, आणि जालना जिल्हा त्याला अपवाद नाही. मजकूर जवळपास ठरलेला: दोघांचे पटत नाही, राजीखुशीने फारकत घेतो, बाई पोटगी मागणार नाही, मुलावर कोण हक्क सांगणार नाही. खाली सह्या-अंगठे, साक्षीदार, नोटरीचा शिक्का. नोटरीला लग्नाचे वा घटस्फोटाचे दस्त करून देण्याचा अधिकार नाही, असे केंद्रीय विधी मंत्रालयाने 2024 मध्ये पुन्हा बजावले. त्याच वर्षी राज्यात शंभराचा बाँड पाचशेचा झाला. कागद महागला, पण त्याने लग्न काही मोडत नाही. तरीही तो लिहिला जातो, तो लोक अडाणी आहेत म्हणून, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही.

मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1947 साली झाला तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होता. पण इथल्या शेतकरी आणि कारागीर जातींत काडीमोड आणि पाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. कायद्याची वाट पाहावी लागली ती वरच्या जातींच्या बायकांना. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने कलम 29 मध्ये ही रूढी राखलीही. मात्र रूढीने फारकत झाली असे म्हणणाऱ्याने ती रूढी आपल्या समाजात आहे हे कोर्टात सिद्ध केले पाहिजे, नुसता फारकतनामा पुरणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले. शिवाय जुन्या फारकतीला पंच असत. त्यांचा जाच काय होता ते वेगळे सांगायला नको, आणि 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने त्यांना चाप लावला हे उत्तमच झाले. पण भरल्या बैठकीत कोणी काय कबूल केले हे गावाला ठाऊक असे. आता ते काम बाँड लिहिणाऱ्याकडे आले आहे आणि त्याची जबाबदारी मजकुरापुरतीच.

या कागदाचा मार बसतो तो बाईला आणि लेकराला. पोटगीवर पाणी सोडल्याचा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध असल्याने तो टिकत नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. पण माहेरी बसलेल्या बाईला तो सांगणार कोण? पोटगी न मिळालेल्या घटस्फोटितेला संजय गांधी निराधार योजनेचा आधार आहे, पण बाँड पुढे केला की तो घटस्फोट ठरत नाही. तिने पुन्हा घर मांडले तर दुसरे लग्न कायद्याने शून्य. अशाच करारावर विभक्त होऊन दुसरे लग्न केलेल्या एका स्त्रीला दुसऱ्या नवऱ्याकडून पोटगी मिळाली खरी, पण जानेवारी 2025 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्यावर. पहिल्या घरचे मूल नव्या नवऱ्याला दत्तक घ्यायचे तर जन्मदात्याची रीतसर संमती लागते. ‘हक्क सांगणार नाही’ ही बाँडवरची ओळ तिथे चालत नाही. तोवर शाळेच्या दाखल्यावर एक बाप आणि घरात दुसरा.

मग कोर्टात का जात नाहीत? परस्परसंमतीच्या घटस्फोटाला आधी वर्षभर वेगळे राहणे आणि अर्जानंतर सहा महिने थांबणे आले. हे सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले. त्यासाठीही वेगळा अर्ज आणि वकील आलाच. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा भागातल्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाची उचलही जोडीवरच. जोडी फुटली की उचल कोणी फेडायची हा पहिला प्रश्न असतो. बाँडवर तो एका ओळीत मिटतो. घटस्फोटाच्या अर्जात त्याला जागाच नाही. दुसरे कारण अधिक अवघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत या जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या सुमारे 35 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. अशा मुलीला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ते लग्नच रद्द करून घेता येते, पोटगीसह. 2006 चा कायदा तसे सांगतो. पण तो अर्ज म्हणजे लग्न लावून देणाऱ्या आईबापांविरुद्धचा पुरावा. त्यापेक्षा बाँड बरा वाटतो.

घटस्फोट सोपा केला तर संसार मोडतील, ही हरकत या घरांना लागू पडत नाही, कारण ते मोडून झालेले आहेत. आता प्रश्न कागदाचा आहे. दुसरी हरकत वजनदार आहे: न्यायालये आधीच तुंबली आहेत, आणि काम प्रशासनाकडे दिले तर न्यायाची कसोटी ढिली होते. दत्तकाचे आदेश 1 सप्टेंबर 2022 पासून जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले तेव्हा हीच शंका घेतली गेली आणि ती रास्त होती. म्हणून घटस्फोट कलेक्टरकडे द्या असे आम्ही म्हणणार नाही. न्यायाधीश तोच राहावा, बैठकीची जागा आणि महिना मात्र बदलावा. टोळ्या गावी असतात त्या जून ते सप्टेंबरमध्ये मंठा आणि घनसावंगीला संमतीच्या अर्जांसाठी महिन्यातून एक बैठक घ्यावी, आणि दोघे राजी असतील तर दुसरी तारीख कारखान्याजवळच्या न्यायालयातून दृक्‌श्राव्य पद्धतीने उरकावी. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देणारा कायदा 1987 चा आहे. तालुका विधी सेवा समितीने तो वकील आठवड्यातून एक दिवस मुद्रांक विक्रेत्याच्या शेजारच्या टेबलावर बसवावा. बाँड घ्यायला आलेली जोडी तिथे नक्की सापडेल.