खापर खेकड्यांच्या माथी!

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि पायथ्याची वस्ती अंधारात वाहून गेली. धरणास गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केलेली होती. तरीही जलसंधारण खात्याच्या तत्कालीन मंत्र्यांनी बोट दाखविले ते खेकड्यांकडे! खेकडे मातीत बिळे करतात, याविषयी आम्ही वाद घालू इच्छीत नाही. परंतु ती बिळे वेळीच शोधून बुजविण्यासाठीच खाते, अभियंते आणि सरकारी तिजोरी असते ना? खेकड्यास पगार मिळत नाही, आणि दर पाच वर्षांनी तो मते मागावयास दारी येत नाही. जबाबदारी त्याची कशी?

हा रोग जुना आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले. पाठोपाठ खडकवासल्याचे जुने दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पानशेतचे बांधकाम अद्याप पुरे व्हावयाचे होते, पाणी सोडण्याच्या दरवाजांचे कामही अपुरे होते; तरी त्याच पावसाळ्यात पाणी अडविण्याची घाई झाली. खचत्या बांधावर लष्कराचे जवान रात्रभर वाळूच्या गोण्या रचीत राहिले. त्यांच्या परिश्रमाने लोंढा रात्रीऐवजी दिवसा शहरात शिरला, म्हणून हजारोंचे प्राण वाचले. संकटाशी झुंजले जवान. परंतु संकट ओढवून घेणारे निर्णय कचेऱ्यांत झाले होते. कामात चूक होणे मनुष्यधर्म आहे. अपुऱ्या कामावर लोकांचे प्राण पणास लावणे याला बेदरकारपणा हेच नाव आहे.

याच देशात दुसरे उदाहरणही घडले आहे. १९५६ साली महबूबनगरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला, तेव्हा रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा पुढे केला. तो स्वीकारला गेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात अरियालूर येथे पुन्हा शंभरांहून अधिक माणसे दगावली, आणि या वेळी शास्त्रीजींनी पद सोडलेच. पूल काही त्यांनी बांधला नव्हता, की गाडी हाकली नव्हती. पण खात्याचा मान ज्याने घ्यावा, त्यानेच खात्याचा दोषही पदरी घ्यावा, हे त्यांनी जाणले. त्या राजीनाम्याने मृत परतले नाहीत, हे खरे. तथापि सत्तेला किंमत मोजावी लागते, एवढे तरी देशाला कळले.

घटप्रभा, मलप्रभा, मार्कंडेयेच्या काठी राहणाऱ्या आणि हिडकल व राकसकोपचे पाणी पिणाऱ्या आमच्या वाचकांना हा विषय परका नाही. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणांची तपासणी आणि आपत्कालीन आराखडा बंधनकारक केला आहे. तेव्हा पावसाळ्यापूर्वीच विचारावे: शेवटची तपासणी कधी झाली? दोष कोणी नोंदविला? दुरुस्तीची मुदत कोणाच्या सहीने पुढे ढकलली गेली? लोंढा आलाच तर आमच्या गल्लीला इशारा कोण देणार? उत्तरे तोंडी घेऊ नयेत, लेखी घ्यावीत. तोंडी आश्वासन पहिल्याच पुरात वाहून जाते.

आणि हा दंडक केवळ मंत्र्यांना लावून चालणार नाही. आम्ही संपादकांनी खातरजमा न करता छापले, पुढाऱ्यांनी पोरांना पुढे घालून आपण मागे राहिले, तर आम्हीही त्याच पंक्तीत बसतो. लोकांच्या जीविताशी गाठ पडते तेथे ज्याच्या शब्दावर लोक चालतात, त्याने त्या शब्दाचा हिशेब द्यावा. तो देण्याची ज्यास तयारी नसेल, त्याने खुर्ची खुशाल खेकड्याला द्यावी!