बाळाला शी झाली का, हे आधी विचारा!

मांजरीत कुणाकडे बाळ झालं की आपले प्रश्न ठरलेले. पेढा की बर्फी? नॉर्मल की सिझर? वजन किती? गेलंय कुणावर? एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. बाळाला शी झाली का?

मंडळी, हसू नका. काही बाळांचा जीव या एका प्रश्नावर अवलंबून असतो.

आपली अन्ननलिका, जठर, आतडी हे सगळं गर्भाच्या चौथ्या आठवड्यात एका साध्या नळीपासून घडायला लागतं. श्वासनलिकाही त्याच नळीतून फुटून वेगळी होते. ते वेगळं होणं बिघडलं तर अन्ननलिका मध्येच बंद राहते, बऱ्याचदा श्वासनलिकेला जोडलेली. गुदद्वार आठव्या आठवड्याच्या सुमारास उघडतं. कधी ते उघडतच नाही. आतड्याच्या भिंतीच्या थरांमध्ये चेतापेशी असतात, त्या वरून खाली उतरत येतात. शेवटपर्यंत पोचल्या नाहीत तर आतडं वरून अखंड दिसतं, पण शी पुढे ढकलली जात नाही. गुदद्वाराचा दोष साधारण 5,000 बाळांत एकाला असतो. चेतापेशींचाही जवळपास तेवढ्याच बाळांत.

हे सगळं पहिल्या 12 आठवड्यांत घडतं. कित्येकींना तर तोवर दिवस गेल्याचं नुकतंच कळलेलं असतं. तरी घरात पहिला सवाल त्या ओल्या बाळंतिणीलाच: "ग्रहणात काय चिरलंस गं?" अहो, ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. आईला बोल लावण्यात जे तास जातात, ते बाळाचे असतात.

मग बघायचं काय? बाळ जन्मल्यावर डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी गुदद्वार डोळ्यांनी पाहिलं का, ते विचारा. पहिली काळपट-हिरवी चिकट शी बहुतेक बाळांना 24 तासांत होते. नाही झाली तर लगेच सांगा. शी झाली म्हणून निश्चिंतही होऊ नका. कधी ती भलत्याच बारीक छिद्रातून येते, म्हणून पाहणं हवंच. तोंडातून सारखा फेस येतोय, पाजलं की ठसका लागून बाळ निळं पडतंय, तर पाजणं थांबवा आणि डॉक्टरांना हाक मारा. हिरवी उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. आणि आजीबाईंनो, हात जोडून सांगतो, मध-घुट्टी नको. अन्ननलिका बंद असेल तर ती थेट फुप्फुसात जाऊ शकते.

यातले बहुतेक दोष शस्त्रक्रियेने सुधारतात. ससूनला बालशस्त्रक्रिया होतात, महात्मा फुले योजनाही आहे. उपचार आहेत, फक्त वेळेत पोचायला हवं.

आता मुद्द्याचं. 2013 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत नऊ जन्मदोष आहेत. फाटलेला ओठ-टाळू आहे, वाकडे पाय आहेत, हृदयाचे दोष आहेत. अन्ननलिका आणि गुदद्वार नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताईंची पहिली भेट तिसऱ्या दिवशी असते. ही तपासणी त्याच्या आधीच व्हायला हवी.

मांजरी बुद्रुक 2021 ला महापालिकेत गेली. पाणी, रस्ता, ड्रेनेज यांसाठी आपण भांडतो, भांडायलाच पाहिजे. त्यातच ही एक मागणी जोडा: सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक प्रसूतिगृहाच्या डिस्चार्ज कार्डावर दोन ओळी छापा. "गुदद्वार पाहिलं: हो/नाही." "पहिली शी: तारीख, वेळ." याला ना टेंडर लागतं ना बजेट. ज्या मांजरीतल्या सीरमच्या आवारातून जगभर लसी जातात, त्या मांजरीत एवढं जमू नये?

ते होईल तेव्हा होईल. तोवर पुढच्या वेळी बाळ बघायला जाल, तेव्हा पेढा हातात घ्यायच्या आधी तो प्रश्न विचारा. लाज वाटली तरी विचारा.