स्पेलिंगची चूक आणि माणसाची प्रत

इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग चुकले की आपल्याकडे केवळ गुण कापले जात नाहीत. लिहिणाऱ्याची प्रतही ठरविली जाते. मुलाखतीत एखादा उच्चार ग्रामीण वळणाचा झाला, तर उमेदवाराचे विषयज्ञान तपासण्यापूर्वीच परीक्षकांच्या चेहऱ्यावर स्मित उमटते. इंग्रजी भाषा मुळातच शुद्ध असून तिला बिघडवितात ते परके, हे गृहीत त्या स्मितामागे असते. इतिहास मात्र निराळेच सांगतो.

खेड्यातील पोरांच्याही तोंडी असलेला 'अंपायर' हा शब्दच पाहावा. फ्रेंचमधून इंग्रजीत येताना त्याच्या आरंभी 'न' होता आणि अर्थ होता जोडीत न बसणारा, म्हणजेच तिऱ्हाईत. ऐकणाऱ्यांनी तो 'न' आधीच्या 'अ' ह्या उपपदाला जोडला आणि 'अंपायर' जन्मास आला. 'नॅप्रन'चा 'एप्रन' झाला तोही ह्याच वाटेने. वाटाण्याला पूर्वी एकवचनातही 'पीज' म्हणत. शेवटचा 'ज' अनेकवचनाचा समजून लोकांनी तो छाटला व 'पी' घडविला.

चुका केवळ अडाण्यांनी केल्या असेही नव्हे. कर्ज ह्या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला तो 'बी'विना. लॅटिन मूळ मिरविण्याच्या हौसेने पंडितांनी ते मुके अक्षर त्यात घुसडले. 'आयलंड'मधील 'एस'ला तर तेवढाही आधार नाही. 'आइल' ह्या वेगळ्याच शब्दाशी त्याचे नाते कल्पून तो घातला गेला. आपले मुंगूसही इंग्रजीत गेले, आणि हंसाशी काडीचा संबंध नसता त्याच्या स्पेलिंगच्या शेवटी 'गूस' येऊन बसला! कालच्या ह्या चुका आज शुद्ध ठरल्या असून त्या न गिरविणारा विद्यार्थी मात्र अशुद्ध ठरतो.

मग नियमच नकोत काय? तसे मुळीच नव्हे. बाजारात प्रत्येकाने आपापली वजने आणली, तर व्यवहारच ठप्प होईल. स्पेलिंगचे प्रमाणही असेच सोयीचे माप होय. ते शिकलेच पाहिजे. परंतु मापाची ओळख नसलेल्या शेतकऱ्याचे धान्य त्यामुळे हलके ठरत नाही.

२००० सालापासून महाराष्ट्रातील शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविली जाते. भाषा लवकर आणली, पण तिची भीती तशीच राहिली, तर साधले काय? चुकण्याच्या धास्तीने जो विद्यार्थी वर्गात तोंडच उघडत नाही, त्याच्या बुद्धीचा लाभ समाजाला कधीच मिळत नाही, आणि हा तोटा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. म्हणून भाषेच्या उत्तरपत्रिकेत स्पेलिंग अवश्य तपासावे. इतर विषयांत आशयाला गुण द्यावेत, आणि मुलाखतीत उच्चाराआधी उत्तर ऐकावे. चुकांमधूनच घडलेल्या भाषेच्या नावाने एखाद्याची चूक त्याच्या कपाळी कायमची कोरण्याचा अधिकार कोणालाही नाही.