तुळजापूरच्या पंपावरचं पेट्रोल घरी बांधलेल्या विमानात चालेल का?

तुळजापुरात दुचाकी पंपावर नेली की टाकीत पडतं ते बहुधा ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. देशाने हे लक्ष्य आधी 2030 साठी ठेवलं होतं, ते 2025 मध्येच गाठलं. मग 2025 च्या ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांवरून सोशल मीडियावर वाद पेटला. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात आणि ते काम स्वस्तात होतं, असं तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं.

रस्त्यावर हे ठीक आहे. नळी गळली तर गाडी कडेला घेता येते. विमानाला ती सोय नाही.

घरी विमान कोण बांधतं?

महाराष्ट्रातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. फेब्रुवारी 2016 मध्ये ते 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी पाहिलं, नोव्हेंबर 2017 मध्ये डीजीसीएची नोंदणी मिळाली आणि ऑगस्ट 2020 मध्ये धुळ्यात ते हवेत झेपावलं.

जगभरात घरी बांधलेल्या अनेक छोट्या विमानांत रोटॅक्स 912 सारखं इंजिन असतं. ते गाडीच्या पेट्रोलवर चालतं, पण कंपनीची इथेनॉलची मर्यादा 10 टक्के. म्हणजे ई20 बाद. विमानाचं खास पेट्रोल, एव्हगॅस, इथेनॉलमुक्त असतं. इंडियन ऑइलने 2022 मध्ये ते देशातच बनवून बाजारात आणलं, पण ते रस्त्यावरच्या पंपावर मिळत नाही.

नळीचं नेमकं काय बिघडतं?

साध्या इंधननळीचं रबर बहुतेकदा नायट्राइल असतं. जास्त इथेनॉलमध्ये ते फुगतं, मऊ पडतं. विमान महिनाभर उभं राहून नळी कोरडी पडली की तेच रबर कडक होऊन तडकतं. आतून सुटलेला कण कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकला, तर इंजिन बंद. बाहेरून थेंब गळला तर आणखी वाईट, कारण बंदिस्त कप्प्यात हातभर अंतरावर तापलेला एक्झॉस्ट असतो.

मग कोणती नळी घ्यावी?

मोटारीच्याच दुकानातली घ्यायची असेल, तर किमान फ्लोरोइलास्टोमरचा आतला थर असलेली. तिच्यावर 'एसएई जे30 आर9' असं छापलेलं असतं. त्याहून भरवशाची म्हणजे आत टेफ्लॉन आणि वर स्टीलची जाळी असलेली. ती महाग आहे, पण पैसे वाचवायची ही जागा नव्हे. तिची एक खोड मात्र आहे: गरम होऊन बसलेल्या आकारातून ती सरळ केली, तर आतलं टेफ्लॉन चिरू शकतं. काढताना जशी आहे तशीच ठेवायची.

वरून अग्निरोधक आवरण हवंच. काचतंतूवर सिलिकॉन चढवलेली ही बाही बहुधा विटकरी रंगाची असते. विमानाच्या अग्निरोधक नळीची कसोटी कडक आहे. सुमारे 1,093 अंश सेल्सिअसच्या ज्वाळेत तिने पाच मिनिटं तग धरला पाहिजे. जमीन गाठण्यासाठी वैमानिकाला मिळणारा वेळ साधारण तेवढाच. हेच ऑइलच्या नळ्यांनाही लागू. गरम ऑइलही पेटतं, आणि नेमकं तेच विसरलं जातं.

इंजिन थरथरतं, मागची भिंत स्थिर असते. म्हणून नळीला थोडी ढील ठेवायची, पण ती कुठे घासता कामा नये. रोटॅक्स रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलायला सांगते, विमान उडालेलं असो वा नसो.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का, हे घरीही कळतं. काचेच्या उभ्या नळीत थोडं पाणी घेऊन पातळीवर खूण करायची, वर पेट्रोल ओतून हलवायचं आणि थांबायचं. तळातला थर खुणेच्या वर चढला, तर इथेनॉल आहे. ते पेट्रोल दुचाकीत घालायचं.