कपाटातील कार्ड आणि माणसाची पत

कांदिवलीतील एखाद्या पगारदार घराचे कपाट उघडले, तर रेशनकार्ड, विम्याच्या पावत्या आणि मुलांच्या गुणपत्रिका यांच्या सोबतीला एखाददुसरे क्रेडिट कार्ड पाकिटासकट सापडणे आता नवलाचे राहिलेले नाही. पैकी एक पगाराचे खाते उघडताना बँकेने गळ्यात घातलेले असते, दुसरे मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या तरुणाच्या आग्रहाला बळी पडून घेतलेले असते, आणि तिसरे कोठून आले हे घरात कोणालाच धड सांगता येत नाही. ते बंद करावे असा विचार निघाला, की कार्यालयातील एखादा जाणता सहकारी हमखास बजावतो, ‘असे करू नका, सिबिल खाली जाईल.’ मग कार्ड पुन्हा कप्प्यात जाते. ही भीती सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती जितकी पसरली आहे तितकी खरीही नाही, आणि तिच्यापायी अनेकांनी स्वत:चे नुकसान करून घेतले आहे.

मराठीत ‘पत’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. उधारी मिळण्याची योग्यता आणि चार लोकांतील इभ्रत हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत. चारकोपमध्ये १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने आखलेल्या भूखंडांवर सहकारी संस्था करून ज्या कुटुंबांनी घरे उभारली, त्या पिढीच्या पगारदाराला पत म्हणजे काय हे ठाऊक होते. कार्यालयातील पतपेढीचे कर्ज, त्याला दोन सहकाऱ्यांचा जामीन आणि दरमहा पगारातून कापला जाणारा हप्ता, असा तो सरळ व्यवहार होता. शेवटचा हप्ता फिटला, की कर्ज संपे आणि जामीनदारही मोकळा होई. क्रेडिट कार्डाचे तसे नाही. ते वापरले नाही म्हणून संपत नाही; मालक विसरला तरी बँकेच्या वहीत ते जिवंतच असते. न्यूयॉर्कमध्ये १९५० साली डायनर्स क्लबने सुरू केलेली ही पद्धत आपल्याकडे दीर्घकाळ मूठभरांपुरती होती. सेंट्रल बँकेने १९८० मध्ये आपले कार्ड काढले तेव्हाही सामान्य कारकुनाचा त्याच्याशी संबंध आला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र देशातील चालू क्रेडिट कार्डांची संख्या दहा कोटींवर गेली. यांतील किती कार्डे नुसती पडून आहेत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

आता भीतीतील तथ्यांश पाहू. तीनशे ते नऊशे यांच्या दरम्यान असणारा हा पतगुणांक ठरवताना परतफेडीतील नियमितपणा पाहतात, त्याचबरोबर मंजूर मर्यादेपैकी किती उधारी वापरली जाते हेही पाहतात. एखाद्या लिपिकाकडे प्रत्येकी एक लाखाची दोन कार्डे आहेत आणि तो एकाच कार्डावर दरमहा चाळीस हजार खर्च करतो, असे समजा. त्याचा वापर एकूण मर्यादेच्या वीस टक्के भरतो. पडून असलेले दुसरे कार्ड त्याने बंद केले, तर खर्च एका पैशाने न वाढताही हेच प्रमाण चाळीस टक्के होते. आणि तीस टक्क्यांच्या आत राहावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. खात्यांचे वय हीसुद्धा गुणांकाची एक बाजू असल्यामुळे सर्वांत जुने कार्ड बंद करण्याची घाई करू नये, या सल्ल्यातही अर्थ आहे. तथापि बंद केलेल्या खात्याची चांगली नोंद दुसऱ्याच दिवशी पुसली जात नाही, आणि ज्याचा खर्च मर्यादेच्या मानाने किरकोळ आहे त्याला हा फरक जाणवण्याचे कारण नाही. येत्या काही महिन्यांत ज्याला घरासाठी कर्ज काढायचे आहे त्याने थांबावे, हे ठीक. पण कर्जाचा विचारही मनात नसलेल्या, निवृत्तीला टेकलेल्या शिक्षकाने गुणांकाच्या धाकाने चार कार्डे सांभाळत बसावे, यात शहाणपण कोणते?

कारण सांभाळण्यालाही किंमत पडते. पाचशे रुपयांचे वार्षिक शुल्क अठरा टक्के करासह पाचशे नव्वद होते. पत्ता बदललेला, मोबाइल क्रमांक बदललेला, त्यामुळे बिल पोहोचत नाही. न भरलेल्या रकमेवर विलंबशुल्क चढत जाते. वस्तू एकही घेतलेली नसताना माणूस थकबाकीदार ठरतो. पुढे वसुलीवाल्याशी घासाघीस करून अर्धी रक्कम भरली, तर नोंद ‘बंद’ अशी न होता ‘तडजोडीने मिटवले’ अशी होते, आणि कर्ज देणारी प्रत्येक संस्था ती नोंद वाचते. नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर याकडे अधिकच लक्ष द्यावे. कर्जफेडीचा इतिहास सदोष म्हणून स्टेट बँकेने एका निवड झालेल्या उमेदवाराची नियुक्ती रद्द केली होती, आणि मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये बँकेचा तो निर्णय उचलून धरला. मुळीच कर्ज न काढलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. केवळ पूर्वीची नोंद नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला नाकारू नये, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. तेव्हा नोंद व्हावी म्हणून कार्ड घेत सुटण्याचे विद्यार्थ्यांना काही कारण नाही.

फसवणुकीचा धोका याहून गंभीर आहे. दोष बँकेचाही नसेल आणि ग्राहकाचाही नसेल, अशा प्रसंगी बँकेची सूचना मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीही दायित्व नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवले. पण वापरात नसलेल्या कार्डाचे संदेश वाचतो कोण? संरक्षण मिळाले ते जागरूक ग्राहकाला, आणि विसरलेल्या कार्डाचा मालक तर व्याख्येनेच बेसावध!

रिझर्व्ह बँकेलाही पडून राहिलेली कार्डे नकोशी वाटतात, हे तिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांवरून उघड आहे. वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड ग्राहकाला कळवून, तीस दिवसांत उत्तर न आल्यास बँकेने स्वत:हून बंद करावे, असे त्यांत सांगितले गेले. ग्राहकाने अर्ज केल्यास आणि बाकी नसल्यास कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. नाहीतर विलंबाच्या प्रत्येक दिवसामागे पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतील, अशी तजवीजही झाली. अटी सोप्या आणि शक्यतो स्थानिक भाषेतही असाव्यात, असेही त्या निर्देशांत होते. या ‘शक्यतो’मध्येच सगळी गोम आहे. उपनगरातील ग्राहकाला येणारा इशारा बहुधा इंग्रजीत, जाहिरातींच्या शेकडो संदेशांच्या गर्दीत येतो आणि न वाचताच पुसला जातो. कार्ड घ्या म्हणून गोड मराठीत दूरध्वनी करता येतो, तर ते बंद होणार आहे हे मराठीत का कळवता येऊ नये? शिवाय बंद करावयास निघालेल्या ग्राहकाला ‘शुल्क माफ करतो’ असे आमिष दाखवून परतवण्यात बँकांचे लोक तरबेज झालेले आहेत.

ज्याला जुने, विनाशुल्क कार्ड गुणांकासाठी राखावेसे वाटते, त्याला मधला मार्ग आहे. ऑक्टोबर २०२० पासून कार्डावरील ऑनलाइन, परदेशी आणि स्पर्शविरहित व्यवहार हवे तसे बंद ठेवण्याची आणि मर्यादा कमी करण्याची सोय ग्राहकाला मिळाली आहे. असे एक कार्ड कुलपात ठेवावे आणि वर्षातून एकदोनदा किरकोळ खरेदी करून त्याचे बिल लगेच भरावे. बाकीची बंद करावीत. त्याआधी त्यांवर वीजबिल, विम्याचा हप्ता वा पत्नी-मुलांच्या नावाचे पूरक कार्ड लावलेले नाही ना, साठलेले गुण वापरून झाले ना, हे पाहून घ्यावे. कार्ड कात्रीने कापले म्हणजे खाते बंद झाले, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. बँकेकडून ‘येणे बाकी नाही’ असे लेखी पत्र मागून घ्यावे. दोन महिन्यांनी आपला पतअहवाल पाहावा. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळवता येतो. त्यात खाते अजून चालू दिसत असेल, तर लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत तिचा निकाल न लागल्यास दररोज शंभर रुपये भरपाई मिळावी, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलेले आहे, आणि ती मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.