पाहुण्या सोंगाचा मान

व्हिडिओ गेमच्या उद्योगाकडे पाहण्याची शासनाची दृष्टी २०२५ या एकाच वर्षात बरीच पालटली. मे महिन्यात मुंबईत 'वेव्हज' ही जागतिक परिषद भरली. ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा आणि त्याच वेळी ई-स्पोर्ट्सना मान्यता देणारा कायदा संमत केला. सप्टेंबरमध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठीचे स्वतंत्र धोरण राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केले. आपल्या मातीतल्या कथा आणि पात्रे जगाच्या पडद्यावर जावीत, ही अपेक्षा या साऱ्या घडामोडींमागे आहे. अपेक्षा रास्तच आहे. परंतु ही पात्रे आणायची कोठून आणि कोणत्या अटींवर, याची चर्चा मात्र फारशी होताना दिसत नाही.

ही चर्चा सुरू करण्यासाठी मुंबईपासून दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर असलेले जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके सोयीचे आहेत. पालघर जिल्ह्यातील हे तालुके शहरी वाचकाला ठाऊक असतात ते प्रामुख्याने कुपोषणाच्या बातम्यांमुळे. १९९२-९३ साली वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी राज्य हादरले, तेव्हापासूनची ही ओळख पुसली गेलेली नाही. मात्र होळीनंतर पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत याच भागात बोहाडा होतो, आणि लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर सोंगे नाचतात.

एकाच आखाड्यात सारे

बोहाड्याची रचना पाहिली की आजच्या 'क्रॉसओव्हर' गेमची आठवण होते. त्याला एक सलग कथानक नाही. आरंभी गणपती आणि शारदा येतात. मग रामायणातला रावण येतो, महाभारतातला भीम येतो, पुराणातला नरसिंह येतो आणि त्यांच्याच रांगेत वेताळासारखी लोकदैवतेही येतात. जी पात्रे कोणत्याही एका ग्रंथात एकमेकांना भेटत नाहीत, ती इथे एकाच रात्री, एकाच वाटेवर, मशालींच्या उजेडात भेटतात. शेवटी जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध होते. प्रत्येक सोंगाची चाल ठरलेली असते आणि मुखवटा दिसण्याआधीच जाणता प्रेक्षक वाद्यावरून सोंग ओळखतो.

क्रॉसओव्हर गेमचे सूत्रही असेच आहे. वेगवेगळ्या कथाविश्वांतील पात्रे एका आखाड्यात उतरवायची आणि त्यांची झुंज लावायची. यात 'पाहुणे पात्र' म्हणजे बहुधा दुसऱ्या मालकाचे पात्र. २००२ साली आर्केडमध्ये आणि पुढील वर्षी घरगुती यंत्रांवर आलेल्या 'सोलकॅलिबर २'मध्ये तीन यंत्रांसाठी तीन वेगळे पाहुणे होते. गेमक्यूबवर निन्टेन्डोचा लिंक, एक्सबॉक्सवर स्पॉन आणि प्लेस्टेशनवर हेइहाची. पाहुणा कोणता हवा, त्यावर ग्राहकाने यंत्र निवडावे, हा हिशेब उघड होता.

याहून बोलके उदाहरण सॉनिकचे. निळ्या रंगाचा हा साळिंदरासारखा प्राणी सेगा कंपनीचा शुभंकर, आणि नव्वदच्या दशकात निन्टेन्डोच्या मारिओचा उघड प्रतिस्पर्धी. २००१ साली सेगाने यंत्रनिर्मितीतून माघार घेतली आणि २००८ मध्ये आलेल्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल'मध्ये सॉनिक निन्टेन्डोच्याच आखाड्यात पाहुणा म्हणून उतरला. दोन कंपन्यांचे जुने वैर ज्यांनी लहानपणी अनुभवले होते, त्यांच्यासाठी ही केवळ एका खेळाडूची भर नव्हती. शुभंकर पाहुणा म्हणून जातो तेव्हा त्याच्यासोबत त्याचा सारा इतिहास आणि त्याचा चाहतावर्ग जातो. यजमानाला हवा असतो तोच. म्हणूनच सॉनिक तिथेही सॉनिकसारखाच धावतो आणि गिरक्या घेतो. त्याची चाल बदलली तर बोलावण्याचे प्रयोजनच संपते.

पाहुणा चुकीचा निवडला गेला तर काय होते, तेही अलीकडेच दिसले. एप्रिल २०२५ मध्ये 'फेटल फ्युरी : सिटी ऑफ द वुल्व्ह्ज' या मारामारीच्या गेममध्ये फुटबॉलपटू ख्रिस्तियानो रोनाल्डो पाहुणा लढवय्या म्हणून आला. गेमची निर्माती एसएनके ही कंपनी सौदी अरेबियातील एका प्रतिष्ठानाच्या मालकीची आणि रोनाल्डो रियाधच्या अल नस्र संघाचा खेळाडू. या आखाड्याशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न अनेक खेळाडूंनी विचारला. सारांश, पाहुण्याची निवड बहुधा कथेच्या गरजेतून होत नाही; ती मालकांच्या गणितातून होते.

करार कोणाशी?

पाहुणा लिंक असो वा सॉनिक, त्याच्यामागे मालक उभा असतो. पात्र कसे दिसेल, काय करील आणि किती मोबदल्यात येईल, हे ठरविण्याचा अधिकार त्या मालकाला असतो. बोहाड्याच्या सोंगामागे असा मालक कायद्याला दिसत नाही. गावाला मात्र तो पुरेपूर दिसतो. कोणते सोंग कोणत्या घराण्याने नाचवायचे, हे अनेक गावांत पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे. मुखवट्याची पूजा होते आणि सोंग घेणे हा मानाचा भाग समजला जातो. म्हणजे परवानगी, क्रम आणि चालीचे बंधन या पाहुण्या पात्राच्या करारातील बाबी येथे रूढीच्या रूपाने आधीपासूनच आहेत. नाही तो फक्त लेखी कागद.

१९५७ चा कॉपीराइट कायदा ओळखता येणाऱ्या निर्मात्याच्या कृतीला संरक्षण देतो. एखाद्या कारागिराने घडविलेला विशिष्ट मुखवटा त्यात बसू शकेल. १९९४ च्या दुरुस्तीमुळे सादरकर्त्यालाही काही हक्क मिळाले. मात्र पिढ्यांनी घडविलेले सोंग, त्याचे रूप आणि त्याची चाल यांना त्यात जागा नाही. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण ते प्रामुख्याने नावाचे आणि मालाचे रक्षण करते. ती रेषा कोणी पडद्यावर वापरली तर त्याला रोखण्याची ताकद त्यात फारशी नाही. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने मे २०२४ मध्ये पारंपरिक ज्ञानाविषयीचा करार संमत केला खरा, पण तो जनुकीय संपत्ती आणि तिच्याशी निगडित ज्ञानापुरता आहे. लोककलाविष्कार त्याच्या बाहेरच राहिले.

अशा स्थितीत उद्या एखाद्या स्टुडिओने बोहाड्यातला महिषासुर उचलून आपल्या गेममध्ये उतरविला, तर त्याला कोणाचीही परवानगी घ्यावी लागणार नाही. तो पाहुणा म्हणून आलेला नसेल, तर उचलून आणलेला असेल.

निकाल कोणाच्या हाती?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, पुराणकथा सर्वांच्या आहेत. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम आणला. त्यात दुर्गा आणि विष्णू आहेत, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्या आहेत, आणि त्याचे जगभर कौतुक झाले. मग बोहाड्यालाच वेगळा न्याय कशासाठी? उत्तर असे की, दुर्गेची कथा सर्वांची आहे हे खरेच. पण विशिष्ट गावातला विशिष्ट मुखवटा आणि त्याची विशिष्ट चाल ही सर्वांची नाही. कथा घेणे आणि सोंग घेणे यांत फरक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पूजेतला मुखवटा खेळात मुळी आणावाच का? 'स्माइट' या नाना संस्कृतींच्या देवतांना एकमेकांशी लढविणाऱ्या गेममधील कालीच्या चित्रणावर २०१२ मध्ये हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला होता. येथे बोहाडा आणि गेम यांतला मूलभूत फरक ध्यानात घ्यायला हवा. बोहाड्यात युद्धाचा निकाल आधीच ठरलेला असतो. महिषासुर पडतो, आणि तो पडावा यासाठीच सारे गाव जागे असते. गेममध्ये निकाल खेळणाऱ्याच्या अंगठ्यावर असतो. तिथे जगदंबा हरूही शकते. ही गोष्ट मुंबईतल्या स्टुडिओला क्षुल्लक वाटेल, मोखाड्यातल्या भाविकाला ती वाटणार नाही. कदाचित गाव म्हणेल, भीम न्या, देवी नको. कदाचित काहीच नको म्हणेल. तो निर्णय गावाचा असायला हवा, एवढाच मुद्दा आहे.

निर्णय घेणारी संस्था नव्याने शोधावी लागणार नाही. जव्हार आणि मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभेला आपल्या रूढी, परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्यास सक्षम मानले आहे. जंगल आणि गौण खनिजांच्या संदर्भात या कायद्याची चर्चा होते. संस्कृतीच्या संदर्भात ती क्वचितच होते. अर्थात जव्हारला नगरपरिषद आणि मोखाड्याला नगरपंचायत असल्याने या दोन गावठाणांतील उत्सव ग्रामसभेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्यासाठी उत्सव चालविणाऱ्या स्थानिक मंडळींशीच लेखी करार करावा लागेल.

राज्याचे नवे धोरण येथे उपयोगी पडू शकते. शासनाचे अनुदान किंवा सवलत घेणाऱ्या निर्मात्याने जिवंत लोकपरंपरेतील रूप वापरले, तर त्याने ग्रामसभेची संमती घेणे, श्रेयनामावलीत गावाचे नाव देणे आणि उत्पन्नाचा ठरावीक वाटा गावाला देणे बंधनकारक करता येईल. हालचालींचे मुद्रण करायचे असल्यास ते त्याच गावातील नाचणाऱ्याकडून, मोबदला देऊन करावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, अनुदानाच्या अटींत चार ओळी वाढवाव्या लागतात.

दिवाळीनंतर या तालुक्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला बाहेर पडतात. काही महिने गाव सोडून राबणाऱ्या माणसांनी ही सोंगे आजवर टिकविली, ती कोणत्याही अनुदानाशिवाय. निन्टेन्डोने सॉनिकला आखाड्यात उतरविण्यापूर्वी सेगाची संमती घेतली होती. तेवढीच रीत जव्हार-मोखाड्याच्या बाबतीतही पाळली जावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.