ई रँकचा शिकारी

आमच्या धाकट्या चिरंजीवाच्या वहीवर नाव, इयत्ता, तुकडी अशा छापील ओळींचे लेबल आहे. यंदा शाळेने नववीच्या मुलांची मागील वर्षाच्या गुणांप्रमाणे वाटणी केली आणि आमचा मुलगा 'ब' तुकडीतून 'ड' तुकडीत आला. त्याने लेबलवर 'ड' लिहिले. त्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ पदरची घातली : 'ई रँक हंटर'. "हे काय रे?" असे विचारले तर म्हणाला, "काही नाही पप्पा, जोक आहे."

जोक असेलही. पण वहीवर लिहिलेला जोक रोज सकाळी दप्तर भरताना वाचावा लागतो. तेव्हा आम्ही बारावीतल्या थोरल्या लेकीला शेजारी बसवले आणि ही भानगड समजून घेतली. दोन रविवार त्यात गेले. घरोघरी मुले मोबाईलवर हेच पाहत असतात, सबब जे समजले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

जपानमधल्या ॲनिमेशन चित्रपट-मालिकांना ॲनिमे म्हणतात. वेबटून म्हणजे कोरियाची चित्रकथा. ती पुस्तकासारखी पाने उलटून नव्हे, तर मोबाईलवर बोटाने वर सरकवत वाचायची. आमच्या मुलाची 'ई रँक' आली ती 'सोलो लेव्हलिंग' या कथेतून. ती आधी चुगाँग या लेखकाची कादंबरी होती, २०१८ साली वेबटून झाली. जांग सुंग-राक या चित्रकाराने ती रंगवली. हा गुणी माणूस २०२२ साली वारला. २०२४ पासून तिचा ॲनिमे आला आणि आपल्याकडची मुलेही वेडी झाली.

कथा अशी. जगात जागोजागी अद्भुत दरवाजे उघडतात, आत राक्षस असतात. काही माणसांच्या अंगी एकाएकी शक्ती जागी होते. त्यांना हंटर म्हणजे शिकारी म्हणायचे. शक्ती जागी झाली की सरकारदरबारी जायचे, यंत्रावर हात ठेवायचा, यंत्र आकडा दाखवते आणि श्रेणी मिळते : ई, डी, सी, बी, ए आणि सर्वांत वर एस. ओळखपत्रावर ती श्रेणी छापली जाते. कारकुनी करणाऱ्या आम्हाला हे सगळे फार ओळखीचे वाटले. अर्ज, चाचणी, शिक्का, ओळखपत्र! खरी मेख पुढे आहे. एकदा मिळालेली श्रेणी सहसा बदलत नाही. कितीही घाम गाळा, अंगातली शक्ती जेवढी जागी झाली तेवढीच. दुसऱ्यांदा जागी होणारा क्वचित एखादा.

नायक सुंग जिनवू हा ई रँकचा, त्यातही सर्वांत दुबळा म्हणून प्रसिद्ध. आई इस्पितळात बेशुद्ध, बहीण शाळेत. इस्पितळाचे बिल भरायचे म्हणून हा जखमा अंगावर घेत राक्षसांपुढे उभा राहतो. बरोबरचे शिकारी त्याला पाहून खूश होतात, कारण हा आला म्हणजे आजचे काम सोपे असणार. ते स्वतः काही फार मोठे नसतात. सी-डीचेच असतात. पण आपल्या खाली कोणीतरी आहे याचे त्यांना समाधान असते. बाबासाहेबांनी क्रमिक असमानता समजावताना नेमके हेच दाखवले आहे की, पायरीवरच्या प्रत्येकाला खालच्याकडे पाहता येते, म्हणून जिना पाडायला कोणी लवकर तयार होत नाही. कोरियातल्या चित्रकथाकाराने बाबासाहेब वाचले असतील असे आम्ही म्हणत नाही. जिना कुठेही बांधला तरी तसाच वागतो, इतकेच.

पुढे एक टोळी येते. खालच्या रँकच्या पोरांना नावापुरते सोबत घ्यायचे, माल दिसला की त्यांना गुहेतल्या मोठ्या राक्षसाच्या तोंडी कोंडायचे आणि आपण किमती दगड गोळा करायचे, असा तिचा धंदा. श्रेणी कागदावर असते तेव्हा तिचा उपयोग असाही होतो. कोण मेला तर फार चौकशी होणार नाही, हे ओळखपत्रावरच लिहिलेले असते.

आता ही मोजमापाची कल्पना आली कुठून? दोन वाटांनी आली असे आम्हाला वाटते. एक वाट आखाड्याची. जिगोरो कानो यांनी १८८२ साली जपानमध्ये ज्युदोची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी शिष्यांना 'दान' या पायऱ्या देणे सुरू केले. आपल्या वस्तीतल्या समाजमंदिरात मुले कराटे शिकतात, त्यांचे पट्टे याच घराण्यातले. या पायऱ्या शिकून चढायच्या असतात. दुसरी वाट खेळाची. अमेरिकेत १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ निघाला. त्यात अनुभवाचे गुण जमतात आणि गुण पुरेसे झाले की खेळाडूची 'लेव्हल' वाढते. जपानच्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या व्हिडिओ गेमने १९८६ पासून तेच तिकडे घरोघरी नेले. म्हणजे मूळ दोन्ही वाटांवर हिशेब सरळ होता : काम करा, वर जा. कष्ट जमेच्या बाजूला, पायरी शिल्लक म्हणून पुढे ओढलेली. बी.कॉम. झालेल्या माणसाला यात हरकत घेण्यासारखे काही सापडत नाही.

गोष्टी सांगणाऱ्यांनी त्यात तिसरी वस्तू मिसळली, ती म्हणजे जन्म. अकिरा तोरियामा यांचा 'ड्रॅगन बॉल' १९८४ ते १९९५ या काळात साप्ताहिकातून चालला. त्यात परग्रहावरचा एक योद्धा डोळ्यावर यंत्र लावून येतो. यंत्र समोरच्याची ताकद आकड्यात सांगते. शेतकरी दिसतो, आकडा ५. त्या योद्ध्याचा स्वतःचा १५००. नायक गोकू याच योद्ध्यांच्या जमातीतला. त्या जमातीत मूल जन्मले की लगेच त्याची चाचणी होते आणि कमी शक्तीचे निघाले की 'खालच्या दर्जाचा' असा शिक्का मारून कुठल्यातरी दुबळ्या ग्रहावर धाडतात. गोकू असाच धाडलेला. पुढे त्यांचा राजपुत्र त्याला हे तोऱ्यात ऐकवतो, तेव्हा गोकूचे उत्तर असे की, त्यामुळेच मी पृथ्वीवर आलो, बरे झाले. आणि मेहनतीने खालचाही वरच्याला मागे टाकू शकतो.

या यंत्राची गंमत सांगितली पाहिजे. ते चुकते. गोकू आणि त्याचे सोबती ताकद लपवायला शिकलेले असतात, एकवटून वाढवायलाही. यंत्र त्या क्षणाचा आकडा सांगते आणि यंत्रावर विसंबलेला बेसावध मरतो. शिवाय साप्ताहिकाला दर आठवड्याला नवा जबर शत्रू हवा, म्हणून आकड्यांची अशी भाववाढ झाली की थोड्याच काळात फ्रीझा नावाचा खलनायक ५,३०,००० घेऊन उभा! पाचाच्या शेतकऱ्याला विचारतो कोण? शेवटी लेखकानेच आकड्यांचा नाद जवळजवळ सोडून दिला. सोलो लेव्हलिंगमध्येही तेच. जिनवू पुन्हा तपासणीला जातो तेव्हा यंत्राला त्याची ताकद मोजताच येत नाही. अशा गोष्टींत रंग भरतो तो यंत्र फसले की.

पण यंत्र फसल्याने सगळेच मोकळे होतात का? 'नारुतो' या मालिकेत (१९९९ ते २०१४) ह्यूगा नावाचे घराणे आहे. थोरली पाती आणि धाकटी पाती. धाकट्या पातीतल्या मुलाच्या कपाळावर लहानपणीच एक मुद्रा उमटवतात. थोरल्यांनी मनात आणले तर त्या मुद्रेतून डोके फुटेल अशी कळ निघते. नेजी हा त्या पातीतला सर्वांत हुशार मुलगा. त्याचे वडील आणि थोरल्या पातीचे प्रमुख हे जुळे भाऊ. थोडा उशिरा जन्मला म्हणून एकाचा वंश कपाळावर डाग घेऊन जगतो. परीक्षेच्या मैदानात नारुतो नेजीला हरवतो आणि मी गावप्रमुख झालो की तुमचे घराणे बदलीन, असे वचन देतो. नारुतो गावप्रमुख होतो. नेजी त्याआधीच युद्धात मरतो आणि मेल्यावर त्याच्या कपाळावरची मुद्रा पुसली जाते. वचनाचे काय झाले ते मात्र आम्हाला लेकीला विचारावे लागले. ती म्हणाली, "पप्पा, मूळ गोष्टीत ते दाखवलंच नाही."

'जुजुत्सू काइसेन' या मालिकेतली माकी नावाची मुलगी आम्हाला सर्वांत जवळची वाटली. तिच्याकडे बाकीच्यांसारखी जन्मजात शक्ती नाही, शस्त्र मात्र असे चालवते की वरच्या श्रेणीचे मागे सरतात. तरी कागदोपत्री चौथ्या, म्हणजे तळच्या श्रेणीत, कारण तिच्याच मोठ्या घराण्याने तिची बढती अडवलेली. सेवाज्येष्ठतेची यादी आणि गोपनीय अहवाल ज्याने हाताळले आहेत, त्याला याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

दुसऱ्या रविवारी आम्ही चिरंजीवालाही बोलावले आणि विचारले, जिनवू वर गेला, मग बाकीच्या ई रँकवाल्यांचे काय झाले? त्याने डोके खाजवले. "ते तसेच राहिले. त्याच्या एकट्यालाच लेव्हल वाढायची सिस्टिम मिळाली ना. रोज शंभर पुशअप्स, दहा किलोमीटर पळणं." लेकीने भर घातली की, कोरियन भाषेत गोष्टीच्या नावाचा अर्थच 'फक्त मी एकटाच लेव्हल-अप' असा आहे. चिरंजीव जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आमच्या ड मध्ये गणिताला पक्के सर अजून आलेच नाहीत. अ ला दोन-दोन आहेत."

ही गोष्ट त्याने दोन महिने आम्हाला सांगितली नव्हती.

सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आम्ही शाळेत गेलो. यादी एकदा लागली की वर्षभर बदलत नाही, असे कळले. आम्ही म्हटले, यादी राहू द्या, शिक्षकांचे बोला. लेखी द्या म्हणाले. रात्री अर्ज लिहायला बसलो तर चिरंजीव शेजारी येऊन म्हणाला, "पप्पा, माझ्या एकट्याचं नाव नका टाकू." त्यानेच घरोघरी जाऊन सह्या आणल्या. एकूण तेवीस. दोन आयांचे अंगठे आहेत.

अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. वहीवरचे लेबल अजून तेच आहे. आम्ही त्याविषयी काही बोललेलो नाही.